नऊ नंबरच्या शर्टाची शिवण

माझं अक्षर किरटं आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला कधीच जमलं नाही. चौथी झाली आणि शाळा सुटली. त्यानंतर हातात पेन आलं ते थेट अमेरिकेत, सही करायला. म्हणून हे कोणी वाचलंच तर चुका पोटात घालाव्यात. ही माफी खरी आहे. तसं मुद्दाम लिहिते, कारण "मला लिहिता येत नाही" हे वाक्य मी एकदा लबाडीने वापरलं आहे, आणि मला सांगायचं आहे ते त्याचंच.

आमच्याकडच्या मंडळाच्या दिवाळी अंकात या वर्षी प्रत्येकाने आपल्या कामाचे अनुभव लिहायचे असं ठरलं. माझ्या धाकट्या भावाने, अशोकने, तेल कंपनीतले लिहिले. त्याची मुलगी मला म्हणाली, "आत्या, यू शुड राइट. डॅडीचं सगळं बोअरिंग आहे." अंकाला देईन की नाही ते मला माहीत नाही. लिहून तर ठेवते.

मी टेक्ससमधल्या एका हायस्कुलात फुटबॉल खेळणाऱ्या मुलांचे कपडे धुण्याचं आणि शिवण्याचं काम केलं. आम्ही शुगर लँडला राहत होतो, तिथून शाळा वीस मिनिटांवर. मला गाडी येत नाही. अशोकची बायको सुनीता मला शनिवारी सकाळी सोडायची आणि दुपारी न्यायची. आठवड्यात इतर दिवशीही काम असायचं, पण खरं काम शनिवारचं, कारण मॅच शुक्रवारी असते.

तिथला फुटबॉल पायाने खेळत नाहीत. सोललेल्या नारळाएवढा लांबट चेंडू असतो. तो घेऊन पळायचं नाहीतर हाताने फेकायचा, आणि समोरच्यांनी अंगावर पडून अडवायचं. क्वार्टरबॅक म्हणजे ज्याच्या हातात प्रत्येक डावाला चेंडू येतो तो मुलगा. कुणाला द्यायचा, कुठे फेकायचा हे तो दोन-तीन सेकंदांत ठरवतो, आणि तेवढ्यात समोरची धिप्पाड मुलं त्याच्यावर तुटून पडतात. त्याचा फेकायचा हात हेच सगळ्या टीमचं भांडवल. मला खेळ पूर्ण कधी कळला नाही आणि मैदानात बसून मी एकही मॅच पाहिली नाही. पण शनिवारी टोपल्या उलट्या केल्या की मॅच माझ्यासमोर पसरायची. कोण किती वेळा पडला, कोण नुसता बाकावर बसून आला, कोणाला भीतीने उलटी झाली, सगळं कपडे सांगतात.

साठ मुलांचे कपडे. प्रत्येकाची नंबर लिहिलेली जाळीची पिशवी. मुलांची नावं माझ्या लक्षात राहत नसत, मी नंबरानेच ओळखत असे. गवताचे डाग व्हिनेगरने सुटतात. रक्ताला मात्र थंड पाणीच पाहिजे. गरम पाण्यात टाकलं की रक्त कापडात बसतं आणि मग जन्मात निघत नाही. नवीन माणूस हीच चूक पहिल्यांदा करतो. जर्सीवरचे आकडे उसवले की पुन्हा शिवायचे, तेही आतून गाठ टोचणार नाही असे.

मुलं मला मिस कमल म्हणत. तिकडची ती रीत आहे, मोठ्या बाईला नावाआधी मिस लावायचं. गिऱ्हाइकं एकेक विचित्र होती. एकजण टीम जिंकत असेपर्यंत मोजे धुवू द्यायचा नाही, आणि त्या वर्षी टीम सलग सहा मॅच जिंकली. सहा फूट चार इंचांचा एक मुलगा हळूच येऊन म्हणाला, "मिस कमल, हे माझ्या पँटच्या आत शिवाल का, कोणाला दिसणार नाही असं?" त्याच्या मेलेल्या आजीच्या गाऊनचा तुकडा होता, निळी फुलं असलेला. मी शिवला. तशी मुलं चांगली होती. मी लाजरी, माझं इंग्रजी तोडकं. त्यांना बहुतेक त्यामुळेच माझ्याजवळ बोलायला बरं वाटत असावं. मी कोणाला काही सांगणार नाही हे त्यांना माहीत होतं.

सामानखोलीचे प्रमुख मिस्टर डेल नावाचे सत्तरीचे गृहस्थ होते. त्यांचा एक नियम होता. धुण्याआधी प्रत्येक पिशवी तपासायची आणि काही दिसलं तर भिंतीवरच्या तक्त्यात त्या नंबरासमोर टिक करायची. तक्ता दुपारी ते स्वतः टीमच्या मलमपट्टीवाल्याकडे नेत. कारण ही मुलं दुखणं लपवतात. दुखतंय म्हटलं की बाकावर बसवतील, म्हणून तोंडातून काढत नाहीत. कपड्यांना मात्र लपवता येत नाही. मला इंग्रजी वाचता येत नाही म्हणून मिस्टर डेलनी माझ्यासाठी वरच्या रकान्यांत चित्रं काढली होती. एक रक्ताचा थेंब, एक फाटलेली बाही, एक कात्री. कात्रीचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा. खेळताना फाटलेलं कापड दातेरी फाटतं. आतला शर्ट जर सरळ कापलेला असेल तर त्याचा अर्थ मुलाला हात वर करून तो काढता आला नाही, त्याने कात्री लावली. म्हणजे खांदा गेला.

नऊ नंबर आमचा क्वार्टरबॅक होता. त्याचं नाव ट्रॅव्हिस. उंच, सडपातळ, बोलायला मऊ. त्याचं शाळेतलं शेवटचं वर्ष, एक्याण्णव साल असेल. पहिल्या मॅचनंतरच्या शनिवारी त्याची पिशवी उघडली तर आतला शर्ट उजव्या बगलेखालून गळ्यापर्यंत सरळ कापलेला. मी पेन घ्यायला वळले तर तो दारातच उभा. डाव्या हाताने उजवं मनगट पोटाशी धरलेलं.

"मिस कमल," तो म्हणाला, "हे शिवता येईल का? कळणार नाही असं?"

मी म्हटलं, "खांदा?"

"निखळतो. पण परत बसतो. मी बसवतो." मग म्हणाला, "कॉलेजची माणसं मला बघायला येतायत. स्कॉलरशिप देणार आहेत. हे त्यांना कळलं तर संपलं. प्लीज, तक्त्यात टिक करू नका." आणि कपडे वाळवायच्या मशिनवर त्याने दहा डॉलरची नोट ठेवली.

आता मला माझ्या घराबद्दल सांगितलं पाहिजे. आमच्या घरात देव नाहीत. त्यांच्या जागी स्कॉलरशिप हा शब्द होता. अशोक स्कॉलरशिपवर शिकला, त्यावरच इकडे आला, आणि त्याच्यामागून आम्ही सगळे वर आलो. तीन लहान भावंडं सांभाळायला मी चौथीनंतर घरी बसले त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, कारण अशोकची स्कॉलरशिप म्हणजे माझीही थोडी होती. नवऱ्याने सोडल्यावर मी गावात बायकांची ब्लाउजं शिवत होते, तिथून अशोकनेच कागद भरून मला आणलं. आमच्या माणसांनी पोराच्या स्कॉलरशिपच्या आड यायचं नसतं, हे मला कोणी शिकवावं लागलं नव्हतं. त्या मुलाने तो शब्द उच्चारला आणि माझं डोकं बंद झालं. पुण्याचं काम करतेय असंच मला वाटलं.

पण पुण्याचं काम होतं तर ती नोट मी का उचलली, हा प्रश्न मी स्वतःला पुष्कळ वेळा विचारला आहे. माझा पगार मी दर महिन्याला अशोकच्या हातात देत असे. त्याने कधी मागितला नाही, मीच देत असे, भावाच्या घरी फुकट राहते असं कोणी म्हणू नये म्हणून. त्या दहा डॉलरचा मात्र कुणालाच पत्ता नव्हता. जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे असा पैसा आला. मी तो पोलक्यात ठेवला आणि टिक केली नाही.

मी नुसता शर्ट शिवून दिला असता तरी एक वेळ चाललं असतं. दुसऱ्या आठवड्यात त्याला पुन्हा कापावा लागला असता, कोणाच्या तरी नजरेस आलं असतं. पण मला माझ्या हाताचा अभिमान. मी विचार केला, दर वेळी कापायचा कशाला? ब्लाउजला कशी हुकांची पट्टी असते, तशी मी त्याच्या आतल्या शर्टाच्या उजव्या बाजूला बगलेपासून खालपर्यंत लपलेली पट्टी केली. हुक टोचले असते म्हणून बुटांना असते तशी, दाबली की चिकटणारी आणि ओढली की सुटणारी टेप लावली. वरून एक घडी, त्यामुळे शिवण दिसायचीच नाही. जर्सीच्या बगलेत त्याच रंगाचा कापडाचा तुकडा घातला, म्हणजे ती सैल होऊन हात न उचलता निघेल. तीन शर्ट तसे केले. इतकी साफ पट्टी मी गावात लग्नाच्या ब्लाउजालाही केली नव्हती. त्याने घालून पाहिला, काढून पाहिला आणि हसला. "मिस कमल, तुम्ही जीनियस आहात."

मला त्या दिवशी फार आनंद झाला. ते लिहायला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

त्यानंतर दर शनिवारी त्याच्या पिशवीत मोज्यात दहा डॉलर असायचे. तो मॅचमागून मॅच खेळला. शर्टावर आता कात्रीची खूण नव्हती, पण उजव्या बाजूला मलमाचा वास यायचा, आणि एकदा कॉलर चावलेली होती. दुखणं दाबायला त्याने दात लावले होते. मी ती कॉलर बदलली.

मिस्टर डेल एकदा तक्ता हातात घेऊन आले. "कमल, नऊ नंबर सगळ्यांत जास्त मार खातो. त्याच्यासमोर पाच आठवड्यांत एकही टिक नाही?"

मी खाली बघत म्हटलं, "मला वाचता-लिहिता येत नाही. कळत नाही नीट."

चित्रं तर समोर होती. चित्राला काय वाचायचं असतं? त्या म्हाताऱ्या माणसाने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "सॉरी. माझी चित्रकला वाईट आहे." पुढच्या शनिवारी तक्त्यावर कात्री दुप्पट मोठी काढलेली होती, आणि तिला लाल रंग दिलेला होता.

आमच्या घरी दर रविवारी वंदनेला सात-आठ कुटुंबं जमायची. पंचशील म्हणताना चौथं शील आलं, खोटं न बोलण्याचं, की माझा आवाज आपोआप खाली जायचा. सुनीताला वाटायचं मला पाली नीट येत नाही. एकदा तिने मला कागदावर मोठ्या अक्षरात लिहूनसुद्धा दिलं. माझ्यासाठी सगळे मोठ्या अक्षरात लिहून देत होते.

अकराव्या मॅचला तो पडला. चेंडू फेकायला हात मागे नेला असताना दोन मुलं त्याच्या खांद्यावर पडली. शनिवारी मी गेले तेव्हा त्याची पिशवी रिकामी होती. मिस्टर डेलनी सांगितलं, खांद्यातलं सगळं फाटलं, मोठं ऑपरेशन करावं लागेल. म्हणाले, दवाखान्यात शर्ट काढताना नर्सला ती टेपची पट्टी दिसली. तिने त्याच्या आईला तिथेच सगळ्यांसमोर विचारलं, हे तुम्ही शिवलंत? पोराचा खांदा असा असताना तुम्ही शिवून देत होता? ती बिचारी रडायला लागली. तेव्हा पोरगा म्हणाला, मी शिवलं. "सतरा वर्षांच्या पोराने," मिस्टर डेल म्हणाले, "असं शिवलं?" आणि माझ्या शिलाई मशिनकडे बघत राहिले. मला काही विचारलं नाही. त्यांनी विचारलं असतं तर बरं झालं असतं. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले.

दहा डॉलर मात्र शुक्रवारीच, मॅचच्या आधी, त्याने वाळवायच्या मशिनवर ठेवलेले होते. ते मी घेतले. ते धरून अकरा नोटा झाल्या.

त्या पैशांतून मी पंचेचाळीस डॉलरला कोणाच्या तरी गॅरेजमधून जुनं शिलाई मशीन घेतलं. अशोकला सांगितलं, फुकट मिळालं. एक लाल छत्री घेतली. बाकीचे कशात गेले आठवत नाही.

कॉलेजने स्कॉलरशिप दिली नाही. मुलगा दुसऱ्या एका लहान कॉलेजात गेला, कर्ज काढून. एक वर्ष खेळायचा प्रयत्न केला, पण हात पूर्वीसारखा उचलेना. मग खेळ सोडला आणि शिकवायचं शिकला. हे मला पाच वर्षांनी कळलं, कारण तो आमच्याच शाळेत कोच होऊन आला. क्वार्टरबॅक मुलांना तयार करायचं काम त्याच्याकडे होतं. नवीन कोचला वरकामही करावं लागतं, त्यामुळे सामानखोली आणि माझा तक्ताही त्याच्याकडेच आला.

पहिल्या दिवशी दारात उभा राहून म्हणाला, "मिस कमल, तुम्ही अजून इथेच?" मी मान हलवली. तो हसला आणि गेला. शिट्टीची दोरी तो डाव्या हाताने गळ्यात घालत होता. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. मुलांना चेंडू कसा फेकायचा ते दाखवताना तो हात अर्धा उचलायचा आणि बाकीचं तोंडाने सांगायचा. मी खिडकीतून पाहत असे आणि तो आत आला की मशिनच्या मागे जात असे. दोन वर्षं अशी काढली. तो माझ्याशी नेहमी चांगलंच बोलायचा. त्याने जुनी गोष्ट काढली नाही, मीही काढली नाही.

तिसऱ्या वर्षी आमचा क्वार्टरबॅक चौदा नंबर होता. टीम जिंकत होती. गावात दुकानांच्या काचांवर चौदा आकडा रंगवलेला. सातव्या मॅचनंतरच्या शनिवारी मी त्याची पिशवी उघडली. आतला शर्ट उजव्या बाजूने सरळ कापलेला होता.

मी तो हातात घेऊन किती वेळ उभी होते कोणास ठाऊक. मुलगा आलाच. सगळे येतात.

"मिस कमल, हे राहू द्या ना. पुढच्या शुक्रवारी कॉलेजवाले येणार आहेत." त्याने वीस डॉलरची नोट काढली. सात वर्षांत भाव वाढला होता.

मी म्हटलं, "नाही."

"मी कोणाला सांगणार नाही."

"मी सांगणार," मी म्हटलं. तक्त्यावर अजून मिस्टर डेलचीच चित्रं होती, झेरॉक्सवर झेरॉक्स काढलेली. लाल कात्री काळी झाली होती. मी चौदासमोर टिक केली. वाकडी आली, म्हणून दुसऱ्यांदा गिरवली. मुलगा मला एक घाणेरडा शब्द बोलला आणि पिशवी लाथेने उडवून गेला.

दुपारी कोच ट्रॅव्हिस तक्ता घेऊन आला. बाहेर सुनीताची गाडी यायची वेळ झाली होती.

"हे तुम्ही केलंत?"

"हो."

"फाटलाय की कापलाय?"

मी शर्ट दाखवला. त्याने कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. "आणखी कोणी पाहिलंय?"

"नाही."

तो कपड्यांच्या टोपलीवर बसला. चौदा नंबरला बसवलं तर टीम हरणार, हे मलासुद्धा कळत होतं. मोठ्या कोचने त्याला काय म्हटलं असतं तेही कळत होतं. तक्ता त्याने एकदा घडी केला. वाळवायचं मशीन थांबल्याची घंटी वाजली, तरी आम्ही दोघं हललो नाही.

मग तो खाली बघतच म्हणाला, "माझ्या वेळी तुम्ही टिक केली नाहीत."

"तूच नको म्हणालास."

"मी सतरा वर्षांचा होतो, मिस कमल. तुम्ही किती वर्षांच्या होतात?"

मी म्हटलं, "बेचाळीस."

त्याने आवाजही चढवला नव्हता. तक्त्याची घडी उलगडून त्याने मांडीवर सारखी केली आणि तो घेऊन मोठ्या कोचच्या खोलीकडे गेला. तिथून मोठ्या कोचचं ओरडणं मला ऐकू येत होतं. ट्रॅव्हिसचा आवाज ऐकू येत नव्हता, पण बाहेर येऊन त्याने तक्ता नोटीस बोर्डाला टोचला.

चौदा नंबर बसला. टीम पुढच्या दोन मॅच हरली. दुकानांच्या काचा पुसल्या गेल्या. त्या मुलाच्या वडिलांनी त्याला शाळेतून काढून दुसऱ्या शाळेत घातलं, आणि तिथे तो खेळला की त्याचा खांदा बरा झाला, ते मला कधीच कळलं नाही. त्यामुळे मी फार मोठं काही केलं असं मला म्हणता येत नाही. सात वर्षं उशिरा एक टिक केली, एवढंच.

टिक केली त्याच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी, मी सुनीताला म्हटलं, "मला एकशेदहा डॉलर पाहिजेत."

ती कणीक मळत होती. "घ्या की ताई. विचारता काय? पण कशाला?"

"एक देणं आहे."

"तुमचं देणं?" ती हसली. "अहो, तुम्ही साधा कोकसुद्धा विकत घेत नाही. कुणाचं देणं?"

तिने माझं तोंड पाहिलं, हात धुतले आणि पर्स आणली. दहा-दहाच्या अकरा नोटा मागितल्या त्याचं तिला नवल वाटलं, पण सोमवारी बँकेतून आणून दिल्या.

मंगळवारी मी पाकीट ट्रॅव्हिससमोर ठेवलं. त्याने मोजलं आणि त्याला समजलं.

"हे मी घेऊ शकत नाही," तो म्हणाला.

"घे. मला पाहिजे नाहीत."

"तसं नाही. हे माझे नव्हतेच." त्याचे कान लाल झाले. "माझी आई हायवेवरच्या कॅफेत वेट्रेस आहे. टिपचे पैसे ती बरणीत ठेवायची. मी त्यातून काढायचो." मग पाकीट माझ्याकडे सरकवून म्हणाला, "मी चोरले ते मी तिला सांगेन. तुमचं तुम्ही सांगा."

म्हणजे ज्या बाईला माझ्या शिवणीवरून दवाखान्यात सगळ्यांसमोर रडवलं, पैसे तिचेच होते.

मला अनोळखी दुकानात एकटीने जायची भीती वाटते. शनिवारी मी सुनीताला म्हटलं, आज त्या कॅफेपाशी थांब, मला कॉफी प्यायची आहे. तिने गाडीच रस्त्याच्या कडेला घेतली. "कॉफी? तुम्ही? ताई, आर यू ओके?" मी म्हटलं, "तू गाडीतच बस."

ती बाई साठीकडे आलेली, केस वर बांधलेले, चष्मा साखळीला. छातीवर नावाची पट्टी होती, पण मला वाचता येत नव्हती. ट्रॅव्हिसचे डोळे तिचेच होते, त्यावरून ओळखलं. तिने मला हनी म्हणून बसवलं. मी कॉफी मागितली. कॉफी ऐंशी सेंट. सांगायचं सगळं मी पाठ करून गेले होते, पण तोंड उघडेना. शेवटी दहाची एक नोट बशीखाली ठेवली आणि पळाले.

मग तसंच ठरवलं. एकदम दिले असते तर सांगावं लागलं असतं. दर शनिवारी एक कॉफी आणि बशीखाली दहा. मुलाने मला जसे दिले तसेच. भित्र्या माणसाला परतफेडही चोरून करता येते.

चौथ्या शनिवारी ती नोट घेऊन माझ्यामागे दारापर्यंत आली. "हनी, तुमची चूक होतेय. ही एकची नाही, दहाची आहे."

मी म्हटलं, "माहीत आहे." आणि गाडीत बसले.

सुनीताने विचारलं, "ती बाई तुमच्यामागे का धावत होती?" मी म्हटलं, "पुढच्या शनिवारी सांगते." पण सांगितलं नाही. त्यानंतर ती बाई काही बोलायची नाही. मी आत शिरले की कॉफी ओतायची आणि लांबून बघत राहायची. पोराने तिला त्याचं सांगितलं होतं की नाही, मला माहीत नव्हतं. विचारायचं धाडस झालं नाही.

अकराव्या शनिवारी मी नोट बशीखाली ठेवली नाही. हातात धरून बसले. ती कॉफी घेऊन आली तेव्हा म्हटलं, "ट्रॅव्हिसचा शर्ट मी शिवला होता."

तिने कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

मला जेवढं इंग्रजी येत होतं तेवढ्यात सगळं सांगितलं. तक्ता, कात्री, टेपची पट्टी, दर आठवड्याचे दहा डॉलर. मिस्टर डेलना काय सांगितलं तेही. शेजारच्या टेबलावरची माणसं जेवत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. आलं असतं तर ती मला समजवायला लागली असती, आणि तेवढं तरी मला टाळायचं होतं.

ती समोरच्या खुर्चीवर बसली. "बरणीतले पैसे कमी होतात ते मला तेव्हाच कळलं होतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, पोरगी असेल एखादी." मग म्हणाली, "त्याने स्वतः शिवलं म्हणाला. त्याला बटण लावता येत नाही. म्हणजे कोणीतरी आहे हे मला माहीत होतं. दवाखान्यातल्या त्या नर्सला वाटतं मीच आहे. अजून ती इथे जेवायला येते."

मी म्हटलं, "तिला सांगू?"

"नाही," ती म्हणाली. "ते मी सांगेन."

माफ केलं असं ती म्हणाली नाही, आणि मी माफी मागितलीही नाही. माझ्या हातातली नोट तिने घेतली, काउंटरवरच्या बरणीत टाकली. मग परत येऊन पुसायचं फडकं खांद्यावर टाकत म्हणाली, "हे अकरा झाले. कॉफीचे ऐंशी सेंट वेगळे."

माझ्या पर्समध्ये पंचवीस सेंटचे तीन क्वार्टर आणि पाच सेंटचा एक निकेल होता. ते मी टेबलावर ठेवले. तिने एकेक मोजून घेतले.